चिकनगुनियातून सुटी झाली, पण हात काही मिटेना

(पत्र मोठं होतं, नाव-गाव काढून थोडक्यात देते.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४७, घरची थोडी कोरडवाहू, कापूस आणि तूर, शिवाय दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जातात. पोळ्याच्या आठवड्यात ताप आला आणि अंग असं धरलं की बाजेवरून उठता येईना. तालुक्याला भरती केलं, सलाइन लागले, रिपोर्टमध्ये चिकनगुनिया निघाला, डेंग्यू निघाला नाही. ताप उतरला, सुटी झाली, डॉक्टर म्हणाले आता बरं आहे. त्याला साडेतीन महिने होत आले. अजून सकाळी बोटं मिटत नाहीत, मनगटं आणि घोटे सुजतात, टाच जमिनीला टेकवत नाही, केसं गळली, नाकावर काळं पडलं. वेचणीच्या बायकांनी त्यांच्या जागी दुसरी बाई घेतली. सासूबाई म्हणतात नाटक आहे, मिस्टर काही म्हणत नाहीत पण बोलतही नाहीत. गावात येणाऱ्या एका डॉक्टरच्या पुड्या दोन महिन्यांपासून चालू आहेत, त्या घेतल्या की दोन तासांत हात मोकळा होतो. शुगर पाच वर्षांपासून आहे, गोळी चालू आहे, पण भरती होत्या तेव्हापासून तपासली नाही. मध्येच एका ओळीत लिहिलंय की तहान फार लागते आणि रात्री लघवीला उठावं लागते. मागच्या महिन्यात पैसे भरून पुन्हा चिकनगुनियाची टेस्ट केली, ती परत पॉझिटिव्ह आली, तेव्हापासून ताट-वाटी वेगळी केली आणि नातवाला जवळ घेणं बंद केलं. मुलगा म्हणतो कापूस विकून नागपूरला मोठ्या दवाखान्यात जाऊ. ताईंचे प्रश्न असे: बिमारी रक्तात राहून गेली का, हा जन्माचा संधिवात झाला का, नागपूरला जावं का, "का मीच हिंमत हारली?"

ताई,

तुम्ही सगळं पत्र हातापायावर लिहिलं, पण मी अडकले ती तुमच्या तहानेच्या ओळीवर. तुम्ही ती अशी लिहून टाकली जशी काही विशेष नाही, आणि पुढं लगेच पुन्हा बोटांवर आल्या. म्हणून मी आधी तिकडंच येते, सांध्यांचं नंतर बोलू, सांधे आठ दिवस थांबू शकतात पण ही गोष्ट थांबू शकत नाही.

शुगरचा पेशंट, साडेतीन महिने तपासणी नाही, तहान, रात्री उठणं, आणि त्यात दोन महिने नाव नसलेल्या पुड्या. पुडीवर काही लिहिलेलं नसते त्यामुळं आत काय आहे हे घेणाऱ्याला कळायचा मार्गच नसतो, पण आखडलेला हात जर दोन तासांत मोकळा होत असेल तर त्यात स्टेरॉइडची गोळी असण्याचा संशय पहिला येतो. आपल्याकडं अशा पुड्यांत ती सर्रास निघते, एक छोटी पांढरी गोळी, सोबत दुखण्याची एक, ॲसिडिटीची एक. स्टेरॉइड हे काही विष नाही हो, योग्य डॉक्टर योग्य पेशंटला मोजून देतात आणि त्यानं माणसं वाचतात सुद्धा. पण ते शुगर चढवते, बीपी चढवते, अंगात पाणी धरते, चेहरा गोल करते, भूक वाढवते, हाडं ठिसूळ करते आणि जंतूंशी लढायची ताकद कमी करते. २०२१ मध्ये कोविडनंतर काळी बुरशी आली होती आठवते ना, नागपूरचे दवाखाने भरले होते, लोकांचे डोळे काढावे लागले, त्यात बहुतेकांना शुगर होती आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेले होते. मी तुम्हाला घाबरवत नाही, तुम्हाला तसं होईल असंही म्हणत नाही, पण वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी काय करू शकते हे आपल्या भागानं एकदा पाहिलेलं आहे.

आणि हे वाचून उद्या सकाळी पुड्या फेकून देऊ नका! हेही तितकंच महत्त्वाचं. दोन महिने रोज स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करते, मग एकदम बंद केलं की चक्कर, उलट्या, गळून जाणं, बीपी उतरणं असं होऊ शकते, कधीकधी जिवावर बेतते. उरलेल्या पुड्या, असतील तर रिकामी पाकिटं, सुटीचा कागद, शुगरच्या गोळ्यांची पट्टी, सगळं एका पिशवीत टाका आणि दोन-तीन दिवसांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात जा. पुडी डॉक्टरपासून लपवू नका, रागावले तर रागावू द्या. कमी कशी करायची ते तेच सांगतील, ती हळूहळूच उतरवावी लागते. तिथं बोटातून रक्त घेऊन शुगर लगेच कळते. एचबीए१सी नावाची टेस्ट पण करायला सांगा, ती मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशोब देते, म्हणजे तुमच्या भरतीनंतरचा जवळजवळ सगळाच काळ त्यात येईल. सोबत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं. बीपी पण मोजून घ्या. मधल्या काळात उलट्या झाल्या, श्वास जोरात चालायला लागला, गुंगी आली किंवा पोट फार दुखलं तर दोन-तीन दिवसांची वाट पाहायची नाही, त्याच वेळी १०८ ला फोन.

तुमचा जो थकवा आहे ना, ज्याला तुम्ही हिंमत हारणं म्हणता, त्यातला निम्मा कदाचित शुगरचाच असेल. चढलेल्या शुगरनं माणूस असाच गळून जातो.

आता सांध्यांवर येऊ. तुमच्या पत्रात एक गोष्ट धरून चाललेली दिसते, तुम्ही पण, सासूबाई पण आणि मुलगा पण तेच धरून चाललेत, की सुटी झाली म्हणजे बिमारी संपली. मग जे उरलं ते एकतर नाटक असलं पाहिजे, नाहीतर काहीतरी मोठं जे डॉक्टरला सापडलं नाही. तिसरं काही असू शकते हे घरात कोणी बोललंच नाही. दवाखाना सुटी देतो ती ताप उतरला, पाणी पोटात राहायला लागलं, जीव धोक्याबाहेर गेला म्हणून. पाऊस उघडला म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी डवरा धरते का, वापसा यायची वाट पाहावीच लागते आणि काळ्या चिकण जमिनीला जास्त दिवस लागतात.

चिकनगुनियाचं तर हे ठरलेलंच आहे. पहिले तीन आठवडे तापाचा आणि जोरदार दुखण्याचा काळ, तिथून तीन महिन्यांपर्यंत मधला, आणि तीन महिन्यांच्या वर राहिलं तर डॉक्टर त्याला जुनाट धरतात. तुम्ही नुकत्याच त्या रेषेपलीकडं गेल्या आहात. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत आकडे पुढंमागं होतात, पण दहातल्या तिघाचौघांचे सांधे तीन महिन्यांनंतरही दुखतात असं ढोबळ धरायला हरकत नाही. मनगटं, बोटं, घोटे, गुडघे, दोन्ही बाजूंनी, सकाळी जास्त, टाचेत कळ, नाकावरचे काळे डाग, केस गळणं, तुम्ही लिहिलेलं प्रत्येक लक्षण चिकनगुनियानंतर होणाऱ्या गोष्टींमध्ये बसते. केस साधारण दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि परत येतात, नाकाचे डाग पण बहुतेकांचे काही महिन्यांत फिके होतात, त्यासाठी महागडी क्रीम आणू नका, आणि गोरं करणारी क्रीम तर नकोच, त्यातही स्टेरॉइड असू शकते. २००६ साली ही साथ आली तेव्हा देशात १३ लाखांच्या वर संशयित पेशंट नोंदले गेले होते, विदर्भातही तिनं झोडपलं होतं, गावात जुन्या बायकांना विचारा, कोणी ना कोणी सांगेल की मी तेव्हा सहा महिने भिंत धरून चालत होती. सासूबाईंनाही आठवत असेल कदाचित.

कोणाला जास्त दिवस राहते हे पण बरंचसं माहीत आहे. वय चाळीस-पंचेचाळीसच्या वर, बाई असणं, सुरुवातीलाच दुखणं फार जोराचं असणं, आधीपासून सांध्यांचा त्रास असणं, आणि शुगर-बीपीसारखं सोबत काही असणं. यातलं तुमचं जवळजवळ सगळंच जुळते. वय आणि बाईपण काही बदलता येत नाही, पहिल्या आठवड्यात किती दुखावं हेही तुमच्या हातात नव्हतं. या यादीत हातात आहे ती शुगर. म्हणून मी पहिल्यापासून तिच्यामागं लागले.

दुसरी टेस्ट. ताई, ते पैसे वाया गेले आणि वरून तुमचा नातू दूर गेला. त्या टेस्टमध्ये विषाणू दिसत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडी दिसतात, आणि त्या आयजीएम अँटीबॉडी तीन-चार महिने, काहींच्यात त्याहून जास्त रक्तात राहतात. म्हणजे परत पॉझिटिव्ह आली याचा अर्थ तुम्हाला चिकनगुनिया होऊन गेला, एवढाच, आणि तो तर तुम्हाला माहीतच होता. आता पुन्हा ही टेस्ट करू नका. हा आजार ताटातून, कपड्यातून, मिठीतून लागत नाही, तो डासातून जातो, तोही पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू असतो तेव्हा डास चावून दुसऱ्याला चावला तर. साडेतीन महिन्यांनी तुमच्यापासून कोणाला काही होत नाही. ताट-वाटी आजच एकत्र करा, नातवाला घ्या. मांडीवर घ्या फक्त, कडेवर नको, मनगटावर जोर येतो.

हा जन्माचा संधिवात झाला का, याचं उत्तर असं की बहुतेकांचं नाही होत. महिन्यांच्या हिशोबानं कमी होत जाते, मध्येच दोन दिवस बरे तर चार दिवस वाईट, थंडीत जास्त, असं करत करत. काही थोड्यांचं वर्षाच्या वर राहते. आणि काहींमध्ये आधीच लपून बसलेला आमवात, म्हणजे कायम राहणारा संधिवात, या तापानंतर वर येतो, म्हणून ते तपासायचं. सकाळचा आखडलेपणा तास-तासभर राहतो का, सूज दिसते का नुसतं दुखते, हे डॉक्टरला नक्की सांगा. ते ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट करतील, आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी करतील. एकटा आरए फॅक्टर थोडा पॉझिटिव्ह आला तर लगेच हाय खाऊ नका, विषाणूच्या तापानंतर तो काही काळ वाढलेला असू शकतो. सूज राहतच असेल तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा मेथोट्रेक्सेट अशा गोळ्या देतात. मेथोट्रेक्सेट दिली तर एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, रोज घेतल्यानं लोक मेलेले आहेत. दिवस ठरवून कॅलेंडरवर गोल करा.

तोवर दुखण्यासाठी पॅरासिटामोल ५०० ची चालते, दिवसात सहाच्या वर नाही, लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकच्या पट्ट्या आणून रोज खाऊ नका, शुगर असणाऱ्याच्या किडनीला आणि पोटाला ते महाग पडते, क्रिएटिनिन पाहून डॉक्टरनं दिली तर वेगळं.

मग नागपूर? मुलाचं मन चांगलं आहे, आणि पोराला दुसरं सुचतही नाही, पैसे खर्च केले की काहीतरी केल्यासारखं वाटते. पण मी असते तर आज कापूस विकून नागपूरला नसती गेली. पहिलं काम शुगर आणि पुड्या, ते जवळच होते, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. त्यानंतर सूज असेल तर यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन ओपीडीत जा, किंवा तुमचं गाव वर्ध्याच्या बाजूला असेल तर सेवाग्राम. तिथं गोळ्या सुरू करून दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली, तर मग नागपूरला संधिवाताच्या डॉक्टरकडं, तोवर तुमच्याकडं फाइल तयार असेल आणि तिथं पुन्हा पहिल्यापासून टेस्टचा खर्च होणार नाही. एकदम मोठ्या खासगी दवाखान्यात गेलं की एमआरआयपासून सुरुवात होते कधीकधी, आणि चिकनगुनियाच्या हाताला बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

घरी काय करायचं ते सांगते. सकाळी उठल्या उठल्या कामाला हात घालू नका, सोसेल इतक्या कोमट पाण्यात हात बुडवून पाण्यातच मूठ उघडा-मिटा, मनगट फिरवा. पायाचं पाणी मात्र घरातल्या कोणाला हात लावून पाहू द्या, शुगरवाल्याच्या पायाला कधीकधी भाजलेलं कळत नाही. सूज ताजी आणि गरम लागत असेल त्या दिवशी शेक नको, थंड पाण्याची पट्टी. तेल लावलं तर हरकत नाही पण सुजलेला सांधा रगडायचा नाही, कोणी मांत्रिक-वैदू झटका देऊन मोकळा करतो म्हणाला तर त्याला उभं करू नका. घरातही अनवाणी चालू नका, जाड मऊ टाचेची चप्पल घाला. आंबट बंद करायचं काही कारण नाही, चिंच-लिंबू-ताक यानं चिकनगुनिया वाढत नाही, उलट बायका आंबटाच्या भीतीनं वरणही सोडतात आणि अजून गळतात. वरण, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी खा. गूळ-साखर कमी, पण ती शुगरसाठी.

अगदी पडून राहिलं तर सांधे अजून आखडतात, आणि एका दिवशी बरं वाटलं म्हणून सगळं काम ओढलं तर पुढचे तीन दिवस बाजेवर. हा दुसरा प्रकार मी जास्त पाहते, कारण बायकांना बरं वाटलं की आधी राहिलेलं काम दिसते. वेचणी चिमटीची आहे, दिवसभर तीच तीन बोटं, त्यात सकाळी दवानं ओला कापूस आणि गार हात, हे सध्या सगळ्यात वाईट. जायचंच असेल तर ऊन चढल्यावर जा, अर्धा दिवसच, ओटी भरू न देता लवकर रिकामी करा, गाठोडं दुसऱ्याला उचलू द्या. वेचणी किलोवर असते त्यामुळं तुम्हाला कमी पैसे मिळतील हे मला कळते, पण दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं तर ते पण जातात. पुढच्या तुरीच्या सोंगणीला यावर्षी तरी विळा हातात घेऊ नका. घरात कपडे पिळणं, कणीक मळणं, हापशी मारणं ही तीन कामं आधी दुसऱ्याच्या अंगावर टाका, मिस्टरांना हापशी मारता येते.

"मीच हिंमत हारली का" हे तुम्ही शेवटी लिहिलं, एकाच ओळीत. ताई, ज्या बाईचा हात मिटत नाही तिला हिंमत नाही म्हणणारे लोक हात मिटणारे असतात. पण एक विचारते. रडू येणं, झोप न लागणं, कशातच जीव न लागणं असं रोज होत असेल तर तेही या आजाराच्या मागं येते, आणि त्यालाही इलाज आहे, डॉक्टरला तेही सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

असंच पत्र दुसऱ्या कोणाकडून पण येऊ शकलं असतं, डेंग्यूवाल्याकडून, कोविडवाल्याकडून, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. डेंग्यूनंतर थकवा काही आठवडे राहतो आणि केस गळतात, सांधे सहसा एवढे धरत नाहीत. कोविडनंतर धाप, खोकला, धडधड, विसरायला होणं हे महिनोन्महिने राहिलेले लोक आपल्याकडं आहेत, त्यांनाही घरच्यांनी तेच ऐकवलं होतं. सुटी होताना तिथंच विचारून घ्या की कोणत्या गोळ्या किती दिवस, परत कधी दाखवायचं, कशानं लगेच यायचं, आणि शुगर-बीपीची तपासणी त्याच आठवड्यात. आणि मागं राहिलेलं सगळंच या तापाचं नसते हेही ध्यानात ठेवा. एकच सांधा लाल-गरम होऊन थंडी वाजली, संध्याकाळचा ताप आणि वजन उतरत चाललं, पायातली कमजोरी वर चढायला लागली, डोळा लाल होऊन दुखला आणि धूसर दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, छातीत दुखलं, तर "ते चिकनगुनियाचंच आहे" म्हणून घरी बसायचं नाही. राहिले डास. ते दिवसा चावणारे आहेत आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यातच वाढतात, ड्रम, रांजण, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, आणि उन्हाळा संपला की कुलरमधलं पाणी काढायचं, आपल्याकडं कुलर पोळ्यापर्यंत तसाच पाणी धरून उभा असतो.

तुमच्याकडं परत येते. दवाखान्यात जाल तेव्हा मिस्टरांना सोबत न्या, बाहेर बाकड्यावर नाही, आत डॉक्टरच्या टेबलासमोर. तुम्ही घरी येऊन सांगितलेलं आणि डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं यात आपल्याकडं फार फरक पडतो, पडू नये पण पडतो. तिथं त्यांच्यासमोरच विचारा की हे किती महिने चालू शकते आणि कोणती कामं करायची नाहीत, आणि डॉक्टरला ते कागदावर लिहून द्यायला सांगा, सासूबाईंना दाखवायला कामी येईल.